घरच्या घरी इंजिन चढवताना: काम अडते कुठे आणि सुटते कसे

गाडीचे इंजिन उतरवायला एक रविवार पुरतो. तेच इंजिन पुन्हा चढवताना भल्याभल्यांचा जीव मेटाकुटीला येतो. उतरवताना बोल्ट सैल करायचा आणि बाजूला ठेवायचा, एवढेच काम असते. चढवताना मात्र एकट्या माणसाला पेलणार नाही असे वजन साखळीला लोंबकळत असते आणि दोन-तीन मिलिमीटरची चूक सापडेपर्यंत काहीच जागेवर जात नाही. पुढे जे सांगितले आहे ते मुख्यतः या अडणाऱ्या जागांविषयी आहे.

उदाहरण म्हणून मारुती ८०० घेतली आहे. १९८३ ते २०१४ अशी तीस वर्षे बनलेली ही गाडी गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, फोंडा, पेडणे अशा भागांत अजूनही पुष्कळ घरांपुढे उभी दिसते, आणि ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे तिचे इंजिन घरच्या माणसाने हात घालावा इतके सुटसुटीत आहे. इंजिन आडवे बसवलेले आणि पुढची चाके ओढणारी अशा बहुतेक लहान गाड्यांना हीच पद्धत थोड्याफार फरकाने लागू पडते. रिंगा, बेअरिंग, हेड हे आतले काम मिस्त्रीने किंवा लेथवाल्याने करून इंजिन बांधून दिले आहे, असे येथे गृहीत धरले आहे. बोल्ट किती आवळायचा याचे आकडे आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावेत, कारण कार्बोरेटरची जुनी गाडी आणि इंजेक्शनची नंतरची गाडी यांच्या बारीकसारीक गोष्टी वेगळ्या आहेत.

हंगाम आणि जागा

गोव्यात हे काम नोव्हेंबर ते एप्रिल या काळात काढावे. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस सुरू झाला की पडवीत ठेवलेल्या उघड्या लोखंडावर रातोरात तांबूस थर येतो, आणि समुद्राजवळच्या गावांत खाऱ्या वाऱ्यामुळे तो आणखी लवकर येतो. इंजिन काही दिवस बाहेर राहणारच असेल तर फ्लायव्हीलचा (क्लच ज्यावर बसतो त्या इंजिनाच्या टोकाच्या जड चाकाचा) घासणारा भाग सोडून बाकी सर्व उघड्या पृष्ठभागांना ऑइलचा हात फिरवावा, इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडे स्वच्छ फडक्याचे बोळे घालून बंद करावीत आणि वरून सुती चादर टाकावी. नुसते प्लॅस्टिक घट्ट गुंडाळल्यास आतल्या आत पाणी सुटते आणि आपण झाकले म्हणून निर्धास्त राहतो. प्लॅस्टिक टाकायचेच असेल तर ते चादरीच्या वरून, खालून वारा खेळेल असे सैल टाकावे. बोळ्यांची संख्या मात्र भिंतीवर खडूने लिहून ठेवावी. एक बोळा आत राहिला तर इंजिन चालू होत नाही किंवा धड चालत नाही आणि त्याचे कारण बाहेरून कळतही नाही.

आता इंजिन टांगायचे कशाला, हा प्रश्न. कौलारू घराच्या पडवीतले वासे आणि तुळई दिसायला दणकट असतात, परंतु ते कौलांचा सर्वत्र विभागलेला भार पेलण्यासाठी घातलेले असतात. एकाच जागी लटकणारे आणि हिसके देणारे वजन त्यांनी पेलावे अशी अपेक्षा करणे चुकीचे आहे. शिवाय वाळवीने आतून पोखरलेला वासा बाहेरून रंगवलेला असला की ठोकून पाहिल्याशिवाय काही समजत नाही. अंगणातल्या आंब्याच्या किंवा फणसाच्या फांदीला चेन ब्लॉक (वजन उचलण्याची साखळीची कप्पी) बांधण्याची चाल गावोगावी आहे. तीही मला मान्य नाही, कारण फांदी मोडताना आधी कळवत नाही. ओळखीच्या गॅरेजमधून चाके असलेली इंजिन क्रेन एका दिवसासाठी भाड्याने आणावी. तिचा खरा उपयोग वजन उचलण्यापेक्षा पुढे-मागे केसभर सरकवण्यासाठी होतो, आणि ती सोय फांदीला टांगलेल्या साखळीत नाही. क्रेनची लहान चाके मातीत रुततात, म्हणून काम सिमेंटच्या कोब्यावर किंवा जाड प्लायवुड अंथरून करावे.

गाडी उचलून ठेवताना चिरे वापरू नयेत. गोव्यात कुठेही हात घातला तरी जांभ्याचा चिरा सापडतो आणि मोह होतो. पण जांभा सच्छिद्र दगड आहे, कडेवर भार आला की तो तुकड्या-तुकड्याने न ढासळता एकदम फुटतो. सिमेंटच्या ब्लॉकचेही तेच. लोखंडी स्टँड दोन घ्यावेत, ते चेसिसच्या ठरवून दिलेल्या जागीच लावावेत, मागच्या चाकांना लाकडी पाचर घालावी आणि गाडी हाताने हलवून पाहिल्याशिवाय खाली डोके घालू नये. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणाऱ्याला कितीही घाई असो, त्याला कोणी तरी पायाला धरून बाहेर ओढावे.

बाहेर असतानाच करायची कामे

इंजिन गाडीत गेले की मागच्या बाजूला हात जात नाही. म्हणून ऑइल प्रेशरचा स्विच, टेम्परेचरचा सेन्सर, वॉटर पंपाकडे जाणारे पाण्याचे नळ, क्रँकचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, मागचे ऑइल सील, यांपैकी जे जे संशयास्पद असेल ते आताच बदलावे. शंभर-दोनशे रुपयांचे सील वाचवले आणि महिन्याभराने त्याच सीलमधून ऑइल क्लच प्लेटवर उतरले, तर हे सगळे पुराण पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागते. लेथवरून आलेल्या इंजिनाच्या बोल्टांची भोके तार घालून तपासावीत. भोकाच्या तळाशी कीस किंवा ऑइल साचलेले असेल तर बोल्ट पूर्ण आत जात नाही, आवळल्यासारखा वाटतो आणि ॲल्युमिनियमचे कान (बोल्ट धरणारे बाहेर आलेले भाग) तडकतात.

बोल्टांचा घोळ हा या कामातला सर्वांत क्षुल्लक आणि सर्वांत चीड आणणारा प्रकार आहे. गिअरबॉक्सला इंजिन जोडणारे बोल्ट एकाच जाडीचे, पण वेगवेगळ्या लांबीचे असू शकतात. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तो तळाला टेकतो आणि जोड ढिलाच राहतो. आखूड बोल्ट लांब भोकात गेला तर दोन-तीन आट्यांवरच सगळा भार येतो आणि आटे मरतात. उतरवतानाच पुठ्ठ्यावर इंजिनाचा ढोबळ आकार काढून ज्याच्या-त्याच्या जागी बोल्ट खुपसून ठेवले असतील तर हा घोळ होत नाही. तसे केलेले नसेल तर चढवण्याआधी प्रत्येक भोकाची खोली काडी घालून मोजावी आणि बोल्ट जुळवून ठेवावेत. प्रत्येक बोल्ट पहिले चार-पाच आटे बोटांनीच फिरला पाहिजे. बोटांनी फिरत नसेल तर तो तिरका लागला आहे किंवा आट्यांत घाण आहे, आणि त्या दोन्हींवर पाना हा इलाज नाही.

सुट्या भागांची यादी आदल्या दिवशी करावी. दुपारी एकच्या सुमारास दुकानाचे शटर खाली आले की ते तीन-साडेतीनपर्यंत वर जात नाही, आणि रविवारी तर बहुतेक दुकाने बंदच असतात. गोव्यातल्या माणसाला हे सांगायला नको. परंतु इंजिन साखळीला लटकलेले असताना एका सर्क्लिपसाठी (दांडा जागेवर अडकवणाऱ्या लोखंडी कडीसाठी) किंवा एका वायसरसाठी म्हापशाला धावणारे लोक त्याच गोव्यातले असतात. सर्क्लिप, स्प्लिट पिन, एक्झॉस्टचे गॅस्केट, ड्राइव्ह शाफ्टची (गिअरबॉक्सकडून चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांची) ऑइल सीले, होजच्या क्लिपा, गिअर ऑइल आणि कूलंट हे सर्व हाताशी असल्याखेरीज क्रेन आणू नये.

क्लच आणि गिअरबॉक्स: घोडे येथेच अडते

या कामात जेवढा म्हणून वेळ वाया जातो, त्यातला मोठा भाग इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या शेवटच्या बोटभर फटीत जातो. म्हणून येथे जरा थांबून आत काय चालले आहे ते समजून घ्यावे.

गिअरबॉक्समधून एक दांडा बाहेर येतो, त्याच्यावर लांबट दाते कोरलेले असतात. हे दाते क्लच प्लेटच्या मधल्या भोकातल्या दात्यांत शिरायचे असतात आणि दांड्याचे टोक त्यापुढे जाऊन क्रँकच्या मध्यावर असलेल्या आधारात टेकायचे असते. क्लच प्लेट मात्र फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबलेली असते. ती बसवताना किंचित खाली उतरलेली असेल तर तशीच चिमटली जाते आणि दांडा तिच्यातून पार होतच नाही. यासाठी अलाइनर नावाचे प्लॅस्टिकचे किंवा लोखंडाचे दांडके मिळते. ते प्लेटमधून क्रँकच्या मध्यापर्यंत घालून मगच प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे करत आवळावेत. भंगारातून जुन्या गिअरबॉक्सचा दांडा मिळाला तर त्याहून चांगला अलाइनर नाही. नुसत्या डोळ्यांनी मध्य साधणारे मिस्त्री असतात, आणि त्यांच्या हाताला वीस-पंचवीस वर्षांचे वळण असते. वर्षातून एकदा पाना धरणाऱ्याने त्यांची नक्कल करू नये.

प्लेट कोणत्या बाजूने बसते हेही पाहावे. तिच्या मध्याचा फुगीर भाग साधारणपणे गिअरबॉक्सकडे असतो आणि बऱ्याच प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू छापलेली असते. उलटी प्लेट बसते, आवळतेही. फक्त गाडी पूर्ण जोडून झाल्यावर क्लच सुटत नाही. प्लेटला आणि फ्लायव्हीलला ग्रीसचे बोट लागू देऊ नये. दांड्याच्या दात्यांना मात्र ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा आणि जास्तीचे पुसून काढावे.

यानंतर दोन मार्ग असतात. गिअरबॉक्सही बाहेर काढलेला असेल तर दोन्ही जमिनीवरच जोडून एकत्र वर चढवावेत. गाडीत तिरके करून उतरवताना थोडी कसरत होते, पण जोड उजेडात आणि हात पोहोचेल अशा जागी होतो. ड्राइव्ह शाफ्ट काढण्याचा व्याप टाळण्यासाठी गिअरबॉक्स गाडीतच ठेवला असेल तर लटकणारे इंजिन त्याच्याकडे नेऊन जुळवावे लागते. मला पहिला मार्ग अधिक पसंत आहे, परंतु एकट्या-दुकट्याने काम करणारे बहुधा दुसराच घेतात, म्हणून अडचणी त्याच्याच सांगतो.

इंजिन काढल्यावर गिअरबॉक्सचा एका बाजूचा आधार जातो आणि तो नाकाड खाली घालून बसतो. इंजिन साखळीला सरळ लटकते, गिअरबॉक्स तिरका राहतो, आणि दांडा व भोक एका रेषेत आहेत असे वरून कितीही वाटले तरी ते नसतात. गिअरबॉक्सखाली लाकडाचा तुकडा ठेवून जॅक लावावा आणि दोन्हींची तोंडे समांतर होईपर्यंत तो वर-खाली करावा. समांतर झाली की नाही हे पाहण्यासाठी फटीत वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी बोट किंवा एकाच जाडीची लाकडी पट्टी घालून पाहावी. वर पट्टी सैल आणि खाली घट्ट असेल तर इंजिनाचे कलणे बदलायचे आहे. ढकलून उपयोग नाही. साखळीचे टोक एखाद-दुसऱ्या कडीने सरकवले की पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते.

तोंडे समांतर झाली आणि तरीही इंजिन पुढे जात नसेल, तर दाते दात्यांवर टेकलेले असतात. गाडी गिअरमध्ये टाकावी, म्हणजे दांडा मोकळा फिरणार नाही, आणि क्रँकच्या पुलीचा बोल्ट पान्याने हळूहळू फिरवत इंजिन हलकेच गिअरबॉक्सकडे रेटावे. क्रँक नेहमीच्या फिरण्याच्या दिशेनेच फिरवावा. दाते जुळले की इंजिन आपणहून सरकते. हाताला ते लगेच कळते.

यानंतरही बोटभर फट उरली, तर पुढचा विचार सर्वांना एकच सुचतो: लांब बोल्ट घालायचे आणि आवळत आवळत इंजिन ओढून आणायचे. हे कधीही करू नये. बोल्टांनी ओढले तर फट मिटते, पण मिटवताना क्लच प्लेटचा मध्य वाकतो किंवा गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनियमच्या आवरणाचा कान तुटतो. फट शिल्लक आहे याचा अर्थ मध्ये काहीतरी आहे. सेल्फची जाड वायर किंवा अर्थिंगची पट्टी दोन तोंडांमध्ये चिमटलेली असते. मार्ग दाखवणारी डॉवेल पिन उतरवताना वाकलेली असते, तिच्यावर गंज चढलेला असतो किंवा एकीऐवजी दोन्हीकडच्या भोकांत एकेक अशा दोन पिना बसलेल्या असतात. क्लच दाबल्यावर प्रेशर प्लेटला रेटणारे रिलीज बेअरिंग आपल्या क्लिपमधून सुटून तिरके झालेले असते. इंजिन हातभर मागे घ्यावे, टॉर्च घेऊन आत पाहावे, पिना पॉलिश पेपरने घासून ऑइल लावावे आणि पुन्हा सुरुवात करावी. मागे घेणे जिवावर येते, हे खरे आहे. तासभर रेटून पाहण्यापेक्षा त्याला वेळ मात्र कमी लागतो. तोंडे सर्व बाजूंनी हाताच्या जोरावरच मिळाली पाहिजेत, बोल्टांचे काम त्यानंतरचे.

माउंटिंग आणि ड्राइव्ह शाफ्ट

एक माउंटिंग (इंजिन गाडीला धरणारा रबरी आधार) पूर्ण आवळले की दुसऱ्याचे भोक अर्ध्या बोल्टाने चुकते, हा ठरलेला अनुभव आहे. सर्व माउंटिंगचे बोल्ट आधी नुसते अडकवावेत, साखळी सैल करून वजन रबरांवर उतरू द्यावे, इंजिन दोन्ही हातांनी धरून हलवावे आणि ते आपल्या जागी बसल्यावरच क्रमाने आवळावेत. जुने रबर बसलेले किंवा तडकलेले असेल तर भोके जुळणारच नाहीत. तेथे पहारीने उचकटत बसण्यापेक्षा नवे रबर घालावे.

ड्राइव्ह शाफ्ट काढलेले असतील तर ते घालताना दात्यांच्या धारेने ऑइल सीलचा ओठ फाटतो. सीलला आतून ग्रीस लावावे, शाफ्ट दोन्ही हातांनी पेलून सरळ आत न्यावा आणि सर्क्लिप बसल्याचा टक् असा आवाज आल्याशिवाय हात काढू नये. शंका असल्यास शाफ्टचा आतला सांधा हलका बाहेर ओढून पाहावा.

टॉर्क रेंचवरचे एकक पाहूनच आकडा लावावा. जुन्या मॅन्युअलमध्ये किलोग्रॅम-मीटर असते, नव्या रेंचवर न्यूटन-मीटर. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन-मीटर. फूट-पाउंडाची पट्टी चुकून वाचली तर बोल्ट सुमारे एक-तृतीयांश जास्त आवळला जातो, आणि ॲल्युमिनियममधल्या आट्यांना तेवढे पुरते.

वायरी, नळ्या आणि केबल

येथे उतरवतानाचे मोबाइलवरचे फोटो कामाला येतात. प्रत्येक जोडाचे सॉकेट लावल्यावर क्लिप बसली का ते ओढून पाहावे. पेट्रोलच्या नळ्या कडक झाल्या असतील तर त्या बदलाव्यात, जुन्यांवर क्लिप आवळून वेळ मारून नेऊ नये. आणि या टप्प्यावर आग विझवण्याचे लहान सिलिंडर हाताच्या अंतरावर असावे.

सर्वांत जास्त विसरली जाते ती इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी. ती राहिली, किंवा खाऱ्या हवेने तिच्याखाली हिरवट-पांढरा थर धरलेला असला, तर सेल्फ मारताना तेवढा मोठा करंट परत जाण्यासाठी दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट बहुधा क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जाते. केबल गरम होते, तिच्यावरचे प्लॅस्टिक वितळते, आणि क्लच जड का झाला याचा शोध भलतीकडेच सुरू होतो. पट्टीच्या दोन्ही टोकांखालचा पृष्ठभाग चकचकीत होईपर्यंत घासावा, आवळावी आणि वरून ग्रीसचे बोट फिरवावे. बॅटरीची निगेटिव्ह तार मात्र सर्वांत शेवटी जोडावी.

रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी घालू नये. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट समप्रमाणात घेतल्यास ॲल्युमिनियमच्या हेडला क्षार आणि गंज यांचा त्रास होत नाही. सांडलेले कूलंट लगेच धुऊन टाकावे. त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि अंगणातल्या कुत्र्या-मांजरांना थोडेसेही जीवघेणे ठरते.

पहिला सेल्फ

ऑइल भरावे. प्लग काढावेत, गाडी न्यूट्रलमध्ये आणावी आणि क्रँक पान्याने पूर्ण दोन फेरे फिरवावा; टायमिंग बेल्ट (क्रँक आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारा दातेरी पट्टा) चुकीच्या दात्यावर असेल तर खुणा तेव्हाच जुळत नाहीत, आणि मध्ये काही कडक लागले तर तेथेच थांबता येते. त्यानंतर इग्निशन कॉइलची तार काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ थोडा थोडा मारावा. प्लग नसल्यामुळे इंजिनावर ताण येत नाही आणि नव्या बेअरिंगना कोरडे फिरावे लागत नाही.

डिस्ट्रिब्युटर (ठिणगीचा करंट पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणारा भाग) असलेल्या गाडीत पेट्रोल येते, ठिणगी पडते, तरी इंजिन धरत नाही आणि कार्बोरेटरमधून फटाके वाजतात, असे झाले तर डिस्ट्रिब्युटर अर्ध्या फेऱ्याने उलटा बसलेला आहे असे आधी धरून चालावे. प्रत्येक चक्रात पिस्टन दोन वेळा वर येतो, आणि त्यांपैकी एकाच वेळी ठिणगी हवी असते. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून क्रँक फिरवावा; हवा अंगठा ढकलू लागली की तो दाबाचा फेरा, आणि खूण जुळताना डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरणाऱ्या रोटरचे तोंड पहिल्या प्लगच्या तारेकडे असले पाहिजे. तीन सिलिंडरच्या या इंजिनाचा क्रम १-३-२ आहे. ३ आणि २ च्या तारांची अदलाबदल झाली तरी इंजिन एका सिलिंडरवर धडपडत राहते आणि दोष कार्बोरेटरला लागतो.

इंजिन चालू झाल्यावर ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करावे. सुरुवातीचा धूर मात्र पाहून घाबरू नये: जोडताना लावलेले ऑइल जळेपर्यंत आणि सायलेन्सरमधले पाणी उडून जाईपर्यंत तो राहतो. हे सर्व उघड्या अंगणात करावे, शटर लावलेल्या गॅरेजमध्ये नव्हे. हीटर उघडा ठेवून, रेडिएटरमधली हवा निघून पाण्याची पातळी स्थिर होईपर्यंत आणि पंखा एकदा आपोआप फिरून थांबेपर्यंत गाडीजवळून हलू नये.

रिंगा नव्या असतील तर पहिले काही दिवस एकाच वेगाने हमरस्त्यावर पळवण्यापेक्षा गावातल्या चढउतारांवर वेग कमी-जास्त करत चालवावी, आणि इंजिन उभ्या गाडीत तासन् तास चालू ठेवू नये. साधारण ५०० ते १००० किलोमीटरनंतर ऑइल व फिल्टर बदलावेत. निघालेले काळे ऑइल वाशांना वाळवीसाठी फासण्याची किंवा नाल्यात ओतण्याची सवय आपल्याकडे आहे. २०१६ च्या नियमांनुसार ते धोकादायक कचऱ्यात मोडते, आणि पावसाळ्यात ते शेवटी विहिरीतच उतरते. कॅनमध्ये भरून ते गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे. त्याच दिवशी माउंटिंग, एक्झॉस्ट आणि होजच्या क्लिपा पुन्हा तपासाव्यात. दुरुस्तीत इंजिनाचा ब्लॉकच बदलला असेल तर त्याच्यावरचा क्रमांक आरसी बुकातल्या क्रमांकाशी जुळणार नाही, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे त्याची नोंद वाहतूक खात्याच्या कार्यालयात करून घ्यावी लागते. ब्लॉक विकत घेतानाची पावती त्यासाठी जपून ठेवावी.